तक्रार पत्र : क्रुगरच्या कौटुंबिक सहलीचा चुकीचा कार्यक्रम

दि. ९ जून

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
सातारा शाखा

विषय : क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीचा अशक्य कार्यक्रम, भाड्याच्या गाडीच्या कागदपत्रांतील चूक आणि परताव्याची मागणी

महोदय,

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत फिरण्याची पाच जणांची सहल आम्ही मे महिन्यासाठी आपल्याकडून घेतली. आपल्या लोकांची वागणूक चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती छापून दिलेल्या कार्यक्रमाबद्दल. तो नकाशावरची अंतरे मोजून केलेला आहे, उद्यानाचे नियम बघून केलेला नाही.

पहिल्या दिवसाचेच घ्या. विमान जोहान्सबर्गला सकाळी ९.५० ला उतरते आणि "सायंकाळी ५ वाजता सातारा कॅम्प" असे आपण लिहिले आहे (सातारा हा उद्यानातलाच एक मुक्कामाचा कॅम्प). इमिग्रेशन, सामान, सिमकार्ड आणि गाडीची कागदपत्रे यांत दोन तास सहज जातात. तिथून उद्यानाचे ओर्पेन गेट सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि वाटेत घाट आहे. जेवणाचा थांबा न धरताही सहा तास लागतात. मे महिन्यात गेट संध्याकाळी ५.३० ला बंद होते. बरे, गेट गाठले की काम झाले असेही नाही. ओर्पेन ते सातारा कॅम्प ४८ किलोमीटर, उद्यानातल्या डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, आणि कॅम्पचे स्वतःचे फाटकही ५.३० लाच लागते. म्हणजे ओर्पेनमधून ४.३० च्या आत शिरायला हवे आणि त्यासाठी विमानतळ सकाळी दहा-साडेदहाला सोडायला हवा. तेव्हा आपले प्रवासी पासपोर्टच्या रांगेत असतात. परिणामी कॅम्पमधली पहिली रात्र, जिचे पैसे आगाऊ भरले होते, वाया गेली आणि उद्यानाबाहेरच्या हूडस्प्रुट गावी ऐनवेळी दोन खोल्या घ्याव्या लागल्या. पहिला मुक्काम उद्यानाबाहेर धरून दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाणे, किंवा जोहान्सबर्गहून उद्यानातल्याच स्कुकुझा कॅम्पजवळच्या विमानतळाचे विमान घेणे, हे दोनच मार्ग व्यवहार्य आहेत.

दुसरा दिवस याहून वाईट आखला आहे. "सातारा – स्कुकुझा – लोअर साबी आणि त्याच मार्गाने परत, ४ तास." सातारा ते स्कुकुझा ९० किलोमीटरच्या थोडे वर, तिथून लोअर साबी हा कॅम्प साधारण ४५. जाऊन-येऊन २७० किलोमीटर होतात. न थांबता ५० च्या वेगाने गेले तरी साडेपाच तास लागतात. पण क्रुगरमध्ये न थांबता कोण जाते? रस्त्यावर हत्तींचा कळप उभा असला तर तो हटेपर्यंत गाडी मागेच ठेवायची असते. बघत-थांबत जाणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी २५ च्या आसपास धरावा लागतो, म्हणजे अकरा तास. सकाळी ६ ते संध्याकाळी ५.३० हा उघडा वेळच साडेअकरा तासांचा आहे. त्यात ठरवून दिलेल्या जागांशिवाय गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही. शौचालयासाठी मधे त्शोक्वानेसारखे मोजके थांबे आहेत आणि ज्येष्ठांसाठी ते वेळेवर येणे गरजेचे असते. आपल्या पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही. दोन रात्री सातारा आणि एक रात्र लोअर साबी असे मुक्काम ठेवले असते, तर हा फेरा उरलाच नसता. शेवटच्या दिवशी जवळच्या क्रोकोडाइल ब्रिज गेटने बाहेर पडता आले असते.

क्रुगर साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आपल्या सातारा जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. महाबळेश्वरचे पॉइंट दाखवतात तसे ते एका दिवसात दाखवता येत नाही.

गाडीबद्दल. बुकिंग वडिलांच्या नावाने केले, परवाना मात्र मुलाचा पाठवला. भाड्याची गाडी देणारे अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. नाव जुळले नाही म्हणून काउंटरवर जादा दराने नवा करार करावा लागला. पाच माणसे आणि पाच बॅगांसाठी बुटकी हॅचबॅक ठरवली होती. तिथला पावसाळा संपून फार दिवस झालेले नसतात, मे महिन्यात गवत उंच असते, आणि खाली बसलेला सिंह अशा गाडीतून दिसत नाही. एस १०० या कच्च्या रस्त्याची आपण शिफारस केली, पण टायर, काच आणि गाडीच्या खालच्या भागाचे नुकसान विम्यात येत नाही, हे करारातले कलम सांगितले नाही.

सर्वांत गंभीर बाब पत्रकातल्या "कोणतीही औषधे लागत नाहीत" या ओळीची. क्रुगर मलेरियाच्या क्षेत्रात आहे. प्रतिबंधक गोळ्या वय आणि इतर आजार पाहून डॉक्टरच ठरवतात. काही गोळ्या जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायच्या असतात, काही चार आठवडे. ही ओळ आजच काढा. दिवाळीच्या सुट्टीत आपला पुढचा गट जाणार आहे. तेव्हा तिथे पाऊस सुरू होतो आणि धोका वाढतो.

जाता जाता, जाहिरातीत "आपल्या साताऱ्याच्या नावाचा कॅम्प" असे लिहिले आहे. ते नाव 'सतरा' या आकड्यावरून पडले असे सांगतात. मोजणीच्या वेळी सतराव्या भूखंडाला भारतीय मदतनिसाने तसे म्हटले होते म्हणे. सातारकरांना हे कळले तरी आनंदच होईल, चुकीचे सांगायची गरज नाही.

आमच्या मागण्या : वाया गेलेल्या कॅम्पच्या रात्रीचे भाडे, हूडस्प्रुटच्या खोल्यांचा खर्च आणि गाडीच्या दोन करारांतील फरक १५ दिवसांत परत करावा, आणि दिवाळीच्या गटाला सुधारित कार्यक्रम लेखी द्यावा. पावत्या, दोन्ही करार आणि आपण दिलेल्या कार्यक्रमाची प्रत सोबत जोडली आहे. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

कळावे,
आपले ग्राहक,
सातारा