इंजिन एक, चुली दोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फॉर्म्युला वनच्या बातम्यांत रेड बुल (थोरला संघ) आणि रेसिंग बुल्स (धाकटा संघ) यांची नावे शेजारी शेजारी आली की ‘एकच मालक, एकच इंजिन, मग गाडीही एकच, फक्त रंग वेगळा’ असा सूर हमखास लागतो. मालक एक आहे, इंजिनही एक आहे. गाडी मात्र एक नाही. या दोन संघांवर आक्षेप घेण्यासारखे काही आहे, पण ते भलत्याच जागी शोधले जाते, म्हणून हे पत्र.

आधी इंजिन. एकसारखे इंजिन मिळणे ही काही धाकट्या संघावरची मेहेरबानी नव्हे. पुरवठादाराने सगळ्या गिऱ्हाईक संघांना एकाच नोंदणीकृत आराखड्याचे इंजिन, तेच सॉफ्टवेअर आणि त्याच प्रतीचे इंधन-तेल उपलब्ध करून द्यायचे, हा नियम मर्सिडीज आणि विल्यम्सलाही लागू आहे. इंजिन बसवणेही वाटते तितके अवघड नाही. 2014 पासूनच्या व्ही-सिक्स टर्बो नियमांत क्रँकशाफ्टचा मध्य गाडीच्या तळाच्या संदर्भ-पातळीपासून 90 मिमी उंचीवर ठरलेला होता. पुढे चालकाच्या कार्बन फायबर सांगाड्याला आणि मागे गिअरबॉक्सला जोडणारे मोजके एम-12 स्टड (12 मिमी जाडीचे आटेदार दांडे). संपले.

खरी डोकेदुखी त्या स्टडच्या अवतीभवती असते. रेडिएटर किती मोठे, इंटरकूलरचे पाइप किती लांब, एक्झॉस्ट कुठून वळवायचा, तेलाची टाकी कोणत्या आकाराची, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे गिअरबॉक्स. 2018 मध्ये होंडाचे इंजिन एकट्या टोरो रोसोकडे (आजचा रेसिंग बुल्स) होते. त्या वर्षी रशियाच्या शर्यतीला होंडाने सुधारित इंजिन आणले. सरावात गिअर वर टाकताना गाडीला हिसके बसू लागले. गिअर बदलताना इंजिनाचा टॉर्क (फिरवणारा जोर) काही मिलिसेकंद तोडून पुन्हा जोडला जातो. त्या क्षणी क्रँकशाफ्ट, गिअरबॉक्सचे शाफ्ट आणि चाकांकडे जाणारे ड्राइव्हशाफ्ट स्प्रिंगसारखे पिळले जातात आणि सुटतात. इंजिनाची ताकद वाढली की या पिळाचा ताल बदलतो. कारखान्यातल्या डायनोवर (इंजिन जागेवर चालवून तपासायच्या यंत्रावर) टायर नसतो, रस्ता नसतो, त्यामुळे तिथे सगळे गुळगुळीत दिसते. होंडाने त्या शर्यतीपुरते जुने इंजिन परत लावले, कॅलिब्रेशन सुधारले आणि नवे इंजिन जपानमध्ये सुझुकाला उतरवले. तिथे टोरो रोसोचे चालक हार्टली सहाव्या आणि गॅस्ली सातव्या जागेवरून सुटले.

हे काम प्रत्येक गिअरबॉक्सच्या जोडीने नव्याने करावे लागते. 2019 मध्ये रेड बुलही होंडाकडे आला आणि टोरो रोसोने गिअरबॉक्स व मागचे सस्पेन्शन रेड बुल टेक्नॉलॉजीकडून घेतले. होंडाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की दोन गाड्यांऐवजी चार गाड्यांची माहिती आणि तीही बरीचशी एका मापाची. तांत्रिक सहकार्य म्हणतात ते मुख्यतः हेच.

त्याची किंमत धाकट्याने आदल्या वर्षी मोजली होती. 2018 ला ऑस्ट्रेलियात गॅस्लीचा एमजीयू-एच, म्हणजे टर्बोच्या दांड्यावर बसून वीज करणारा जनरेटर, बिघडला. पुढच्याच शर्यतीत, बहारीनला, तो चौथा आला. पण हंगामाला तीन इंजिनांची मर्यादा असताना दोन्ही गाड्या नवनवे भाग लावत गेल्या आणि दंडापोटी अनेकदा रांगेच्या शेपटाशी उभ्या राहिल्या. होंडाच्या विमान-इंजिन विभागाचे अभियंतेही मदतीला आले. 30 जून 2019 ला ऑस्ट्रियात रेड बुलचा वर्स्टापेन जिंकला तेव्हा होंडाचा 2006 नंतरचा पहिला विजय थोरल्याच्या खात्यात जमा झाला. थोरल्याने मात्र त्यासाठी एकही वर्ष घालवले नव्हते.

आता ‘कॉपी’विषयी. गिअरबॉक्स, क्लच, हायड्रॉलिक्स, सस्पेन्शन, पॉवर स्टिअरिंग हे विकत घेता येणाऱ्या भागांच्या यादीत येतात. चालकाचा सांगाडा, नाक, पंख, तळ, बाहेरचे पत्रे आणि ब्रेक डक्ट (ब्रेकपर्यंत हवा नेणारे मार्ग), थोडक्यात जिथे जिथे हवा लागते ते, प्रत्येकाने स्वतःच आखायचे. पूर्वी असे नव्हते. 2008 ला मोंझात व्हेटेल जिंकला ती टोरो रोसो जवळपास रेड बुलच्याच आराखड्याची होती, आणि गंमत म्हणजे इंजिन वेगळे होते. धाकट्याचे फेरारी, थोरल्याचे रेनॉ. तेव्हा सांगाडा सामाईक आणि इंजिन वेगळे, आता बरोबर उलटे.

ही रेघ किती बारीक आहे ते 2020 मध्ये रेसिंग पॉइंट या संघाला कळले. मर्सिडीजकडून आदल्या वर्षी मिळालेल्या ब्रेक डक्टच्या माहितीवर त्यांनी मागचे डक्ट बनवले. तोवर ते डक्ट स्वतः आखायच्या यादीत गेले होते. 15 गुण कापले, 4 लाख युरो दंड झाला. रेनॉने तक्रार केली नसती तर एरवी डक्टकडे कोण वाकून बघतो!

शिवाय दुसऱ्याचे सस्पेन्शन घेणे म्हणजे आयती पुरणपोळी नव्हे. त्याचे जोडणीचे बिंदू जिथे आहेत तिथेच आपला सांगाडा मजबूत करावा लागतो, त्याच्या दांड्यांमागे हवा जशी वळेल तशीच आपली मागची बाजू आखावी लागते. आणि थोरला आपला आराखडा उशिरा पक्का करतो, तोवर धाकट्याने वाट पाहायची.

शंका घ्यायची तर वाऱ्याच्या बोगद्यावर (गाडीच्या प्रतिकृतीवर हवेचा झोत सोडून तपासायची जागा) घ्या. गुणतक्त्यात पहिल्या संघाला चाचणीचा 70 टक्के वाटा, सातव्याला 100, दहाव्याला 115. दोन्ही संघ बेडफर्डचा बोगदा वापरतात. तास वेगवेगळे मोजले जातात, हे खरे. पण धाकट्याचा ब्रिटनमधला तळ बिस्टरहून मिल्टन कीन्सला थोरल्याच्या शेजारी आला आहे, आणि चहाच्या टेबलावरचे बोलणे कोण मोजणार? माणसेही इकडून तिकडे जातात. जुलै 2025 मध्ये लोराँ मेकिस रेसिंग बुल्सचे प्रमुखपद सोडून थेट रेड बुलचे प्रमुख झाले. 2024 ला सिंगापूरमध्ये शर्यतीच्या अखेरीस धाकट्या संघाच्या रिकार्डोने सर्वांत वेगवान फेरी मारून मॅकलॅरनच्या नॉरिसचा त्या फेरीसाठी तेव्हा मिळणारा एक जादा गुण घालवला आणि फायदा वर्स्टापेनचा झाला. मॅकलॅरनच्या झॅक ब्राउन यांचा आक्षेप याच दिशेचा आहे आणि तो मला पटतो. त्यात एकाही नटबोल्टचा संबंध नाही.

2026 पासून दोन्ही संघांकडे रेड बुल-फोर्डचे इंजिन आहे. एमजीयू-एच गेला, विजेची मोटर 120 वरून 350 किलोवॅटवर गेली, तेव्हा गिअरबॉक्सच्या जुळवणीचा प्रश्न नव्याने उभा राहणार आणि ‘कॉपी’च्या बातम्याही येणार. अशी बातमी छापताना तो भाग विकत घ्यायच्या यादीतला की स्वतः आखायच्या, एवढी एक ओळ सोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे