वाचून दाखवले, बरोबर आहे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील एका लेखात जर्मन लेखक हाइनरिश ब्योल यांच्या १९७४ सालच्या कादंबरिकेचा उल्लेख ‘पत्रकाराला गोळी घालणाऱ्या काटारीना ब्लूमची कथा’ असा एका ओळीत आटोपला आहे. ओळ खोटी नाही. पण मी तालुक्याच्या न्यायालयात ३१ वर्षे लघुलेखिका होते, आणि मला ते पुस्तक गोळीसाठी नव्हे, जबाबासाठी लक्षात राहिले.

काटारीना २७ वर्षांची. लोकांची घरे सांभाळून मानाने जगणारी. कार्निव्हलच्या दिवसांत नाचात भेटलेल्या तरुणाला ती रात्री घरी नेते. तो पोलिसांना हवा असतो. सकाळी धाड, मग चौकशी. तिच्याशी सलगी करू पाहणाऱ्या पुरुषांबद्दल जबाबात ‘प्रेमळ’ असा शब्द पडतो, तर ती सही करत नाही. प्रेमळपणा दोन्हीकडून असतो, हे एकतर्फी होते, ‘अंगचटीला येणे’ लिहा, म्हणते. नवऱ्यापासून ती वेगळी झाली तीही याच कारणाने. मालक-मालकिणीबद्दल ‘चांगले’ लिहितात, तर तिला ‘दयाळू’ हवे असते. चौकशी लांबते, अधिकारी वैतागतात, ती ढळत नाही. माझी भाची पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकली. तिने मूळ शब्द समजावून सांगितले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

कारण हे मी पाहिले आहे. धुणीभांडी करणारी एक बाई साक्षीला उभी होती. ‘आरोपीने माझ्याशी सलगी केली’ असे मी टाइप केले. आमच्याकडे साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवत. तसे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ मध्ये होतेच. हरकत घेतली तर दुरुस्ती करायची, निदान हरकतीची नोंद तरी घ्यायची. मी वाचले. बाई म्हणाली, ‘सलगी न्हाई बाई, सलगी दोघांची असती. त्यो अंगचटीला आला.’ वकील हसले. न्यायाधीशांनी शब्द बदलायला सांगितला, मी बदलला, मग तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात मथळा होता, ‘मालकाशी सलगी’. ती कात्रण घेऊन कचेरीत आली. वाचता येत नव्हते, शेजारणीने वाचून दाखवले होते. मला म्हणाली, ‘तुमी तर बरोबर लिवलं हुतं ना?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

ब्योलच्या कथेतले वृत्तपत्र नेमके हेच करते. मालक सांगतो, ती हुशार आणि शांत डोक्याची आहे. छापून येते, ‘बर्फासारखी थंड, हिशेबी’. बातमीदार रंगाऱ्याच्या वेषात इस्पितळात तिच्या आजारी आईपर्यंत पोहोचतो. ‘हे असे का व्हावे?’ असे म्हणणारी आई छापील मजकुरात ‘हे असे होणारच होते’ म्हणते. आणि त्याचे समर्थन काय, तर साध्या माणसांना बोलायला मदत करावी लागते! तिची आई त्यानंतर वारते.

शेवटी काटारीना त्या बातमीदाराला गोळी घालते. हयात न्यायालयात गेलेली मी त्याचे समर्थन करणार नाही. पण मथळे, निनावी पत्रे, शेजाऱ्यांच्या नजरा हे सारे अंगावर येत असताना ती स्वतःबद्दल एकही चुकीचा शब्द मान्य करत नाही, ते धैर्य गोळीपेक्षा कितीतरी मोठे आहे. आपल्या लेखाने नेमके तेच वगळले, म्हणून हे पत्र. १९७२ मध्ये ब्योल यांना नोबेल मिळाले, त्याच वर्षी एका लेखावरून तिथल्या काही वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली होती. सोसलेल्या माणसाने लिहिलेली ही गोष्ट आहे.

आपल्याला एक विनंती आहे. ज्या माणसाच्या तोंडची वाक्ये अवतरणचिन्हांत छापायची, विशेषतः ज्याला पेपरमध्ये नाव येण्याची सवय नाही अशा माणसाची, ती बातमीदाराने छापण्यापूर्वी त्याला फोनवर वाचून दाखवावीत. दोन मिनिटे लागतात. मी ३१ वर्षे ते केले आहे, म्हणून सांगते.

– एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका, मिरज