खंड्या नवव्या वर्षी शिकला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात कुत्रा पाळणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं होतं. पिल्लू चपला कुरतडतं, तर पेपरची गुंडाळी करून नाकावर मारा, पुन्हा करत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि घरातल्या सात वर्षांच्या थोरल्या कुत्र्याबद्दल लिहिलं होतं की आता त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, त्याला लांब नेऊन सोडणार आहोत. ते वाचल्यापासून माझं कामात लक्ष लागेना, म्हणून हे पत्र.

मी कराडला राहते आणि घरीच शिवणकाम करते. खंड्या माझ्या थोरल्या भावाचा शेतावरचा राखणीचा कुत्रा. दादा गेला, शेत वाट्याने दिलं, आणि खंड्याला विचारणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा मी त्याला घेऊन आले. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. ती आठही वर्षं गोठ्याजवळ साखळीला गेलेली. परका माणूस दिसला की भुंकायचं, एवढंच त्याला ठाऊक, आणि त्याबद्दल शाबासकीही मिळायची. माझ्याकडे दिवसाला दहा-बारा बायका येतात. कोणी ब्लाउज टाकायला, कोणी फॉल-पिको न्यायला. फाटकाची कडी वाजली की खंड्या असा उसळायचा की बायका बाहेरूनच हाक मारायच्या.

कुणीतरी सांगितलं म्हणून कुत्री शिकवणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने गळ्यात आवळणारी साखळी घातली, हातात काठी घेतली. खंड्या गुरगुरला की हिसका, बस म्हटल्यावर बसला नाही की काठी. मालक कोण ते कळलं पाहिजे, असं तो म्हणायचा. पाचव्या दिवशी गुरगुर बंद झाली. आम्हाला वाटलं, जमलं. मीसुद्धा खूश झाले होते, हे मला आज लिहिताना फार लागतं.

त्याच आठवड्यात शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आत आला आणि खंड्याने आवाज न करता त्याच्या हाताला दात लावला. खरचटण्याइतकंच होतं, पण रक्त आलं. पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने हात धुतला आणि तसंच त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. खंड्याला लस दिलेली होती, तरीही. मूल बरं आहे. पण त्याच्या आईसमोर उभं राहणं मला किती जड गेलं ते मलाच माहीत.

माझी भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. ती सुट्टीला आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, गुरगुरणं म्हणजे त्याचं 'लांब राहा' म्हणणं होतं. तेवढं तुम्ही बंद केलंत. आतली भीती होती तिथंच राहिली." मग तिने त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. एक्स-रेमध्ये दिसलं की मागच्या डाव्या पायाचा खुब्याचा सांधा झिजलाय. बस म्हटल्यावर तो बसत नव्हता, कारण बसताना त्याला कळ येत होती. त्यासाठी त्याने काठ्या खाल्ल्या.

त्या वाचकांनी असंही लिहिलंय की चूक केल्यावर पिल्लू तोंड पाडतं, म्हणजे त्याला समजतं. मलाही तसंच वाटायचं. भाचीने सांगितलं की अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली १४ कुत्र्यांवर याचा अभ्यास केला. मालकाने खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, असं मालकाला सांगितलं जायचं, आणि ते दर वेळी खरं असेलच असं नाही. तोंड पाडणं दिसलं ते मालक रागावला तेव्हा. खाऊला न शिवलेली कुत्रीसुद्धा तशीच दिसली, उलट जास्तच. म्हणजे ते आपल्या चढलेल्या आवाजाला भीत असतात. चप्पल तासाभरापूर्वी कुरतडलेली आणि मार आत्ता, हा हिशेब पिल्लाला लागणार कसा?

आता खंड्याचं. भाची म्हणाली, कडीपासून सुरू करू. बाईमाणूस कुणी नको, नुसती कडी. मी कडीला ब्लाउजच्या अस्तराची चिंधी चार वेढे गुंडाळली, म्हणजे आवाज दबून येईल. उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे केले. कडी हळूच हलवायची, आणि ती वाजताक्षणी तुकडा. दहा वेळा केलं की बस, पुन्हा संध्याकाळी. चौथ्या दिवशी कडी हलली आणि खंड्याने फाटकाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी तिथंच खाली बसले, मला रडू आलं. मग रोज चिंधीचा एक वेढा कमी करत गेलो. वेढे संपले तेव्हा शेजारच्या वहिनी बाहेरून कडी वाजवून निघून जायच्या, मग वाजवून उभ्या राहायच्या, मग आत यायच्या. तुकडा मी मशीनजवळ अंथरलेल्या गोणपाटावर टाकायला लागले, तशी कडी वाजली की तो आपसूक गोणपाटावर जाऊ लागला. बस म्हणणं आम्ही सोडूनच दिलं. तो उजव्या कुशीवर आडवा होतो, त्यात त्याला कळ येत नाही.

यात वेळेला फार महत्त्व आहे. एकदा मी माप घेत होते, तुकडा द्यायला उशीर झाला, तोवर तो उठला होता आणि मी उठलेल्या कुत्र्याला तुकडा दिला. दोन-तीन दिवस असंच चाललं आणि तो कडी वाजली की उठायलाच लागला. मी शिकवलं तेच तो शिकला. तेव्हापासून बॉबिनच्या डबीशेजारी अंड्याची डबी असते. दिवाळीत फटाक्यांनी सगळं विस्कटलं, पुन्हा चिंधी बांधली, पुन्हा वेढे काढले. या वेळी आठवडाही लागला नाही. त्याला कानाने कमी ऐकू येतंय हेही त्यातच लक्षात आलं, म्हणून आता बोलण्याबरोबर तळहात दाखवते. तो हात ओळखतो.

हे सगळं त्याला नववं वर्ष लागल्यावर झालं, दोन-अडीच महिन्यांत. तेव्हा सात वर्षांचा कुत्रा शिकत नाही, असं कृपा करून म्हणू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारणं हा गुन्हा आहे, सदोदित साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाही गुन्हा आहे, आणि भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावराला कारण नसताना सोडून देणं हाही. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड १० ते ५० रुपये. एवढ्याशा रकमेला कोण भिणार? माझा दादा कुत्र्यावर जीव टाकणारा माणूस, पण साखळीत काही चुकतंय हे आमच्या घरात कधी कुणी बोललंच नाही.

त्या वाचकांना एवढंच कळवायचंय. पिल्लू चार महिन्यांचं आहे म्हणता, तर त्याचे दुधाचे दात पडतायत, हिरड्या शिवशिवतात. चपला उंचावर ठेवा, फ्रिजमध्ये गार केलेलं जाड गाजर चघळायला द्या आणि ते खाईपर्यंत जवळ बसा. थोरल्याला आधी डॉक्टरांना दाखवा, पाय, दात, कान, डोळे सगळं. मग अंडं उकडा. जमत नसेल तर सोडून देण्याआधी त्याला घेऊन माझ्याकडे या. मंगळवारी माझं मशीन बंद असतं. माझा पत्ता संपादकांकडे आहे, तो त्यांना द्यायला माझी काहीच हरकत नाही.

आपली,
एक वाचक, कराड