अण्णांची येझदी आणि ३३१

प्रिय बाळ्या,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील, तो तुझा हक्कच आहे. पण आज मशीन शॉपमधून आलो तो थेट लिहायलाच बसलो, कारण हे इथे कुणाला सांगून उपयोग नाही. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात.

मस्टँगचं इंजिन शेवटी उघडलं. फोर्डची, ६८ची, जे-कोड, म्हणजे चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं ३०२ घनइंची इंजिन, २३० हॉर्सपॉवर. इथल्याच डिअरबॉर्नच्या कारखान्यातली गाडी, आणि तिच्या नंबरातले आकडे ब्लॉकवरही ठोकलेले. आतून मात्र सिलिंडर वरच्या अंगाला झिजलेत आणि सातव्यात गंजाचे खड्डे. होनिंगने, म्हणजे नुसतं घासून, भागणार नाही, ३० थाऊ (इंचाचे तीस हजारांश) कापून बोअर करावाच लागणार. मशीनवाला म्हणाला, एवढं कापतोयसच तर क्रँकही बदल, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, वाढव. तेव्हापासून झोप नाही.

मूळ स्ट्रोक ३ इंच. तो ३.२५ केला तर ३३१ घनइंच, ३.४० केला तर ३४७. हात ३४७ कडे जातो, खोटं कशाला बोलू? खालच्या आरपीएमला जो टॉर्क मिळेल त्याने वुडवर्ड रस्त्यावर सिग्नल सुटला की गाडी नुसती उसळेल. पण पिस्टनला क्रँकशी जोडणारा तोच ५.४ इंची रॉड धरला तर रॉड आणि स्ट्रोकचं गुणोत्तर १.६६ वरून १.५९ वर येतं. रॉड जास्त तिरका, भिंतीवर रेटा जास्त. ३४७ च्या सुरुवातीच्या किटमध्ये तर पिस्टनची पिन इतकी वर होती की ऑइल रिंगच्या खाचेत घुसायची, आणि ३४७ तेल पितं ही ओरड तिथूनची. आता पिस्टन सुधारलेत. तरी १६ घनइंचांसाठी जीव टांगणीला लावायचा? वर ताकद ५०० च्या पुढे नेली की या ब्लॉकचे मधोमध दोन तुकडे होतात, हे इथलं पोरगंही सांगेल.

थोरला म्हणतो, फोर्डचंच मोठं ३५१ विंडसर इंजिन आणून त्याचं ४०८ घनइंच कर. तो ब्लॉक १.३ इंच उंच आणि रुंदही. मग हेडर, म्हणजे एक्झॉस्टचे पाइप, नवे, सी-४ गिअरबॉक्सचा भरवसा नाही, मागचा आठ इंची एक्सल टिकणार नाही. इंजिनासाठी अख्खी गाडी बदलायची हे मला पटत नाही. विषय संपला.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्या म्हाताऱ्याकडून गाडी घेतली, त्याने किल्ली देताना एवढंच विचारलं, "इंजिन हेच ठेवशील ना?" मी हो म्हणालो. आता ब्लॉक तोच ठेवून क्रँक, रॉड, पिस्टन सगळं नवं घातलं, तर ते "हेच" राहतं का रे?

उद्यमनगरातला तो दिवस आठवतो? अण्णांच्या येझदी मोटरसायकलला बोअरचा पहिला ओव्हरसाइज पुरला असता. मीच हट्टाने थेट शेवटचा करायला लावला. तू लेथजवळ ओरडत होतास, "लोखंड कापलं की परत येत नाही!" दोन वर्षांत सिलिंडरात नवी नळी, स्लीव्ह, घालायची पाळी आली, आणि अण्णा किक मारून गप्प उभे राहिले. म्हणाले, "हा आवाज माझ्या गाडीचा नाही." तू त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस, आणि माझा चौदा-पंधराचा पानाही दाबून बसलास. तो अजून तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे.

एक वाट आहे. हा ब्लॉक तेल लावून जपून ठेवायचा आणि ८०च्या दशकातला रोलर कॅमचा ३०२ ब्लॉक आणून त्याचा ३३१ करायचा. त्या पिढीच्या क्रँकचा बॅलन्स, म्हणजे तोल साधायचं बाहेरचं वजन, ५० औंसाचा, माझा २८ चा. म्हणजे क्रँकच्या पुढचा डॅम्पर आणि मागची फ्लेक्सप्लेट नव्या क्रँकला जुळवूनच घ्यावे लागतील, नाहीतर थरथरून मरेल. खर्च वाढतो. पण मूळ लोखंडाला हात लागत नाही. मन इकडेच ओढतंय. तरी तू बोललास की मगच पैसे भरेन. मशीनवाला शुक्रवारपर्यंत थांबणार आहे.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? चिमीला दहावीबद्दल शाबासकी सांग, तिचं बक्षीस माझ्याकडे लागू.

इंजिन उघडण्याआधी आयडलवर चार मिनिटं आवाज रेकॉर्ड केलाय. तुझ्या फोनवर पाठवतो. अण्णांना ऐकव, सकाळी, त्यांचा कान ताजा असताना.

तुझा,
सुध्या