ट्रामचे रूळ भंगारात घालू नका

संपादक महोदय,

दक्षिण मुंबईतले रस्ते काँक्रिटीकरणासाठी खोदले जात आहेत. त्यांच्या पोटात काही ठिकाणी अजून ट्रामचे रूळ आहेत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, पण सगळे रूळ काही उपटले गेले नाहीत. वर डांबर ओतले की काम भागत होते. आता ते हाती लागले की गॅस कटर लावून तुकडे भंगारात घालणे कंत्राटदाराला सर्वांत स्वस्त पडते. ते थांबवायला हवे.

ओळख सोपी आहे. रेल्वेच्या रुळाचा माथा सलग असतो. ट्रामच्या रुळाला माथ्यालगत लांबच लांब खाच असते आणि खाचेपलीकडे पातळ ओठ. चाकाची कड या खाचेतून धावे, म्हणून रूळ रस्त्याच्या पातळीत बसवता येई आणि बैलगाडी, मोटार वरून सहज जाई. दोन रुळांतले अंतर साधारण ४ फूट साडेआठ इंच (१४३५ मिमी) भरले की शंका उरत नाही.

रूळ दिसला की '१८७४ चा' असा फलक लावायची मात्र घाई नको. ९ मे १८७४ ला कुलाबा-पायधुनी आणि बोरीबंदर-पायधुनी मार्गांवर सुरू झाली ती घोड्यांची ट्राम. विजेची आली ७ मे १९०७ ला. विजेच्या ट्राममध्ये वरच्या तारेतून आलेला प्रवाह चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटरमधून जाऊन रुळांवाटे परत फिरतो. सांध्यावर दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फिशप्लेटा, गंजल्या की हा परतीचा रस्ता अडतो, प्रवाह जमिनीत शिरतो आणि शेजारचे पाण्याचे नळ खातो. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंचे रूळ तांब्याच्या जोडाने बांधलेले असतात. घोड्यांना अर्थातच त्याची गरज नव्हती. तेव्हा सांध्यावर तांबे दिसले, तर तो रूळ विजेच्या जमान्यातला. दुर्दैवाने भंगारवाल्याचा हात पहिल्यांदा तिथेच जातो.

काढायचेच असेल तर किमान एक सांधा मधे येईल असा, दोन्ही रुळांचा सलग तुकडा काढावा. जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावेत. आजूबाजूच्या फरसबंदीचे काळे दगड असतील तर उचलण्याआधी त्यांवर खडूने नव्हे, रंगाने क्रमांक टाकावेत. खडू पहिल्या सरीत जातो. रस्ता फोडायचे ब्रेकर यंत्र रुळापासून हातभर दूर थांबवून पुढचे काम पहारीने करावे. गंजलेले बोल्ट ठोकू नयेत, आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे.

जागेवरच जपायचे तर फ्लोरा फाउंटनसारखी पादचाऱ्यांची जागा योग्य. तिथे जीर्णोद्धाराच्या कामात रूळ सापडले होते. वाहत्या रस्त्यात उघडी खाच सायकल आणि स्कूटरच्या चाकाला गिळते, आणि पावसात गुळगुळीत पोलादावर ब्रेक लागत नाही. तिथे खाच बुजवलेलीच बरी. उघडी ठेवायची असेल तर उताराच्या टोकाला खाचेतून गटारात पाणी जायला वाट हवी. नाहीतर मुंबईच्या खाऱ्या हवेत साचलेले पाणी गंज धरवते.

महापालिकेने निविदेतच एक अट घालावी: रूळ लागताच त्या पट्ट्यातले काम थांबवून पुरातन वारसा समितीला कळवायचे, आणि जागेवर न ठेवता येणारा तुकडा बेस्टच्या आणिक आगारातल्या संग्रहालयाला द्यायचा.

– एक वाचक, मुंबई