जेट म्हणजे फेकणं

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोटरसायकलच्या पुस्तिकेचं भाषांतर वाचलं. ‘जेट’ हा शब्द त्यात तीन ठिकाणी आलाय. तू एकदा ‘फवारा’ लिहिलंस, एकदा ‘तोटी’ आणि एकदा ‘चकचकीत’. तिन्ही पुन्हा बघावे लागतील.

जेट हा मुळात पाण्याचा शब्द नाही, फेकण्याचा आहे. फ्रेंचमध्ये ‘झते’ म्हणजे फेकणं. ते आलं लॅटिन ‘याक्तारे’वरून, आणि त्याच्याही मागे ‘याकेरे’, अर्थ तोच. इंग्रजीत ‘जोरानं सुटलेली धार’ हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. जिनिव्हाच्या तळ्यातला प्रसिद्ध ‘झे दो’ म्हणजे शब्दशः ‘पाण्याची फेक’. सुरुवातीला तो शोभेसाठी नव्हताच. शहरातले कारखाने पाण्याच्या दाबावर चालत, संध्याकाळी ते बंद झाले की नळांतला दाब अचानक वाढे, म्हणून 1886 मध्ये तो दाब सोडून द्यायला वाट केली. आज तळ्यातल्या कारंज्यातून सेकंदाला सुमारे 500 लिटर पाणी ताशी 200 किलोमीटरच्या वेगानं सुटतं आणि 140 मीटर उंच जातं.

एकदा ‘फेकणं’ हाती लागलं की बाकीचं गोत आपोआप जमतं. समुद्रात पुढे फेकल्यासारखा बांधलेला धक्का म्हणजे जेटी. मांडव्याच्या लाँचमधून उतरतो ती हीच. बुडू पाहणाऱ्या जहाजाचा भार कमी करायला माल समुद्रात टाकणं म्हणजे जेटिसन. इंजेक्ट म्हणजे आत फेकणं, रिजेक्ट म्हणजे परत फेकणं, ऑब्जेक्शन म्हणजे समोरच्यावर फेकणं. आता आपल्याकडचे शब्द बघ: अंतःक्षेपण, आक्षेप, प्रक्षेपण. संस्कृतात ‘क्षिप्’ म्हणजेही फेकणंच! यावरून दोन्ही धातू एकच असं मात्र समजू नकोस, ते वेगळे आहेत. कल्पना तेवढी सारखी. पण भाषांतर करणाऱ्याला ही जोडी सोन्यासारखी आहे. असा ‘-जेक्ट’वाला शब्द अडला की आधी ‘-क्षेप’ लावून बघ. दरवेळी जमत नाही, पण बरेचदा वाट सापडते.

आता पुस्तिका. धुलाईच्या पानावर ‘चाकाच्या हबवर वॉटर जेट मारू नका’ असं आहे. तिथे तू ‘फवारा’ लिहिलंस आणि अर्थ उलटला. फवाऱ्यात थेंब विखुरतात, त्यांचा जोर जातो. तसं धुतलं तर काही बिघडत नाही. जेटमध्ये सगळं पाणी एका रेषेत, दाबानं जातं. ते हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, सीलच्या कडेतून बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस पांढरट होऊन निकामी होतं आणि मग गंज धरतो. तिथे ‘पाण्याचा जोरदार झोत’च हवा.

कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं, जेट म्हणजे भोक पाडलेला छोटासा पितळी स्क्रू. धारेचं नाव धार सोडणाऱ्या भोकाला मिळालं. ‘तोटी’ लिहिलंस तर एकाही मेकॅनिकला कळणार नाही. तो ‘जेटमध्ये कचरा आलाय’ असंच म्हणतो. ‘मेन जेट’, ‘पायलट जेट’ तसेच ठेव. त्यावरचा आकडा काही बनावटींत भोकाच्या व्यासावरून असतो, काहींत त्यातून जाणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणावरून, तेव्हा मुळात नसेल तर आपल्या मनानं ‘मि.मी.’ जोडू नकोस. आणि ‘तारेने साफ करू नये’ हे वाक्य तुझ्याकडून गळलंय. पेट्रोल सुकून चिकट थर बसतो, तो क्लीनरनं आणि हवेच्या दाबानंच काढायचा. तारेनं भोक किंचित जरी रुंदावलं तरी पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज घसरतं.

राहिला रंग. ‘जेट ब्लॅक’मधलं जेट पूर्ण वेगळं, स्पेलिंग जुळलं एवढंच. ते आलं ग्रीक ‘गागातेस’वरून. लिशिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा दक्षिण किनारा, तिथल्या गागाई गावाचा काळा दगड. दगड म्हणायचं, पण असतं ते कोट्यवधी वर्षं दबलेलं लाकूड, लिग्नाइट कोळशाचाच एक प्रकार. इंग्लंडमध्ये व्हिटबीच्या किनाऱ्यावर ते मिळतं. 1861 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट वारल्यावर सुतकात घालायचे दागिने म्हणून त्याला मोठी मागणी आली. घासल्यावर त्याला चमक येते खरी, पण नुसत्या ‘चकचकीत’मध्ये काळेपणा कुठे आहे? आपल्याकडे ‘काळाकुळकुळीत’ आहे, त्यात काळेपणही आलं आणि तुकतुकीही.

विचारलंस म्हणून: स्क्वर्टला बेलाशक ‘चिळकांडी’ लिही. तो इंग्रजी शब्द बहुधा नादावरून आलाय, आणि आपलाही कानाला तसाच लागतो.

धुलाईचं पान मात्र छपाईला जायच्या आधी बदल.

तुझे
बाबा