गोलूच्या चंद्रगाडीबरोबर बाबांना पत्र

आरहूस, डेन्मार्क
6 जुलै

तीर्थरूप बाबांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार. गोलूला आणि चिमीला खूप खूप पापा.

पेरण्या उरकल्या आणि पऱ्हाटीत डवरे सुरू झाले हे दादाकडून कळलं. पाऊस वेळेवर आला, फार बरं वाटलं. माझ्या ऑफिसातला एक सहकारी पुढच्या आठवड्यात नागपूरला घरी जातो आहे. त्याच्याबरोबर गोलूसाठी एक पिशवी देते आहे, दादानं ती आणायची. हे पत्र त्या पिशवीतच आहे.

बाबा, त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, ‘प्लास्टिकची गाडी एवढ्या दुरून काहून पाठवून राहिली? दारव्ह्यात भेटत नाही का?’ याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं. ही गाडी मी तुमच्या सुताराच्या नजरेनं पाहिली आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे. हे खेळणं गोलूचं असलं तरी त्याची पारख तुम्हीच करू शकाल.

पिशवीत लेगोच्या विटांची एक छोटी चंद्रगाडी आहे. लेगो ही इथली खेळण्यांची कंपनी, एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा करते. नवी नाही. उन्हाळ्यात इथे रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे एका आजींनी आपल्या मुलाची लहानपणची खेळणी मांडली होती. मुलगा आता पन्नाशीचा आहे. 80 क्रोनर दिले, म्हणजे आपले हजाराच्या आसपास. डबा नाही, पण जोडणीची पुस्तिका शाबूत आहे. राखाडी तळ, निळं अंग, पुढे पिवळ्या पारदर्शक प्लास्टिकची काच, मागे झाकण उघडणारी पेटी, वर अँटेना, चार चाकं आणि लाल पोशाखातला एक अंतराळवीर. लेगोची अंतराळ मालिका 1978 मध्ये निघाली. हात-पाय हलणारी ही छोटी माणसंही त्याच वर्षी आली. या माणसाच्या डोक्यावरची खुंटी भरीव आहे. पुढे लहान मुलांच्या घशात अडकलं तरी हवा जावी म्हणून कंपनीनं त्या खुंटीला आरपार भोक ठेवलं, त्यामुळे हा त्याआधीचा, जुना माणूस आहे हे ओळखता येतं. छातीवरचा सोनेरी ग्रह अर्धा पुसला आहे आणि शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा तडकला आहे. तो पट्टा फारच बारीक असतो, जुन्या शिरस्त्राणांत तो बहुधा तुटलेलाच दिसतो.

आता सांध्याबद्दल. सगळा माल त्यातच आहे. विटेच्या वर खुंट्या असतात, आत पोकळ नळ्या. एक वीट दुसरीवर दाबली की खालच्या विटेची खुंटी वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्यात घट्ट बसते. भिंत किंचित ताणली जाते आणि मूळ जागी यायला बघते, त्या ओढीनं पकड येते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, मे महिन्यात आकसतं, म्हणून तुम्ही खाचेत बसवलेल्या कुसवाला पाचर ठोकता आणि मग तो सांधा जन्मभर उघडत नाही. इथे पाचर नाही, डिंक नाही, खिळा नाही. चिमीच्या बोटांना निघणार नाही आणि गोलूच्या बोटांना निघेल, इतकीच पकड ठेवली आहे. साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याही आत अचूक ठेवतात, तेव्हा हे जमतं.

आणि माप तर तुमच्याच हातातलं आहे. मी फूटपट्टी लावून बघितलं. पातळ वीट 3.2 मिलिमीटर जाड, म्हणजे आपलं जवळजवळ बरोबर एक सूत, इंचाचा आठवा भाग. तशा तीन रचल्या की एका जाड विटेची उंची होते, 9.6 मिलिमीटर, तीन सूत. एका खुंटीपासून दुसरी खुंटी 8 मिलिमीटरवर, अडीच सूत. सगळी गाडी या दोन-तीन मापांत बसवलेली आहे. हे लक्षात आलं तेव्हा पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली, तुम्ही पेन्सिल कानावर ठेवून ‘दोन सूत काढ’ म्हणता ती.

ज्यानं ही कंपनी काढली तोही आपल्यासारखा वाढईच होता, बाबा. ओले किर्क क्रिस्तियानसन. इथून शंभरेक किलोमीटरवर बिलुंड म्हणून गाव आहे, तिथे त्याचा सुतारकामाचा कारखाना होता. घरं बांधायचा, फर्निचर करायचा. मंदी आली, शेतकऱ्यांच्या हाती पैसा राहिला नाही, कामं बंद पडली. तेव्हा 1932 मध्ये तो शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि लाकडी खेळणी करायला लागला. दोरीनं ओढायचं चाकांचं बदक त्यातलंच. त्याची एक गोष्ट इथे नेहमी सांगतात. मुलानं एकदा बदकांना वार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले आणि पैसे वाचवले म्हणून बापाला आनंदानं सांगितलं. बापानं त्याला रात्रीतून स्टेशनावर पाठवलं, पेट्या परत आणवल्या आणि तिसरा हात द्यायला लावला. 1942 मध्ये कारखाना जळाला, पुन्हा उभा केला. 1949 च्या सुमारास प्लास्टिकच्या विटा निघाल्या, पण त्या आतून पोकळ होत्या आणि रचलेलं हललं की सुटायचं. आत नळ्या घालायची युक्ती त्याच मुलाच्या, गॉटफ्रेडच्या काळातली, 28 जानेवारी 1958 ला तिच्या पेटंटचा अर्ज झाला. म्हातारा त्याच वर्षी गेला. तेव्हाच्या विटेवर आज दुकानात मिळणारी वीट बसते. मी घरी बसवून पाहिली, या जुन्या गाडीवर माझ्याकडची नवी वीट चढवली, टक्क आवाज झाला आणि बसली.

गाडी मी आधी कोमट पाण्यात साबणानं धुतली, मग पुस्तिका उघडून बांधली आणि पुन्हा सुटी करून भरली. बांधण्याचं सुख गोलूला मिळायला हवं. पुस्तिकेत एक अक्षर नाही, नुसती चित्रं. हल्लीच्या पुस्तिकांत प्रत्येक पायरीला कोणत्या विटा लागतील ते चौकटीत काढून देतात. या जुन्या पुस्तिकेत तसं नाही. मागचं चित्र आणि पुढचं चित्र शेजारी धरून काय नवीन आलं ते आपणच शोधायचं. एखादी पातळ राखाडी पट्टी राखाडी तळाखाली लपलेली असते आणि ती नजरेतून सुटली की चार पायऱ्यांनंतर गाडी तिरकी होते. मला ही जुनी रीतच जास्त आवडली. गोलू अडला तर दादा, लगेच हातातून घेऊन करून देऊ नकोस. त्याला दोन चित्रं बघत बसू दे.

बांधताना एक गोष्ट फार सुंदर वाटली. सुरुवातीला नुसत्या चपट्या पट्ट्या येतात, एकमेकींवर आडव्या-उभ्या, भिंत रचताना वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर येते ना, तशा. कशासाठी ते कळत नाही. चाकं लावल्यावर गाडी मधोमध धरून वाकवून बघितली तर ती जराही लवत नाही. मागची पेटी त्या पट्ट्यांवरच उभी आहे. ज्यानं ही आखली त्यानं न दिसणाऱ्या भागात जीव ओतला आहे. संगणकाचे आकडे आणि बटणं असलेली वीट छापील आहे, चिकटवलेला कागद नाही. म्हणून इतक्या वर्षांनीही ती वाचता येते.

चाकांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पुढची चाकं वळत नाहीत. वळायचं तर अख्खी गाडी उचलून ठेवा. खरी चंद्रगाडी अपोलो 15 नं जुलै 1971 मध्ये चंद्रावर चालवली होती, तिची पुढची आणि मागची चारही चाकं वळायची आणि प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर होती. तिला रबरी टायर नव्हते, जस्त चढवलेल्या पोलादी तारेची जाळी विणून चाकं केली होती आणि जमीन धरायला त्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या होत्या. खेळण्याला खाचा असलेले रबरी टायर आहेत. कल्पनेतली गाडी आहे, तेवढं तिला माफ. उघडी बैठक मात्र खऱ्यासारखीच आहे. अपोलोची गाडीही छताविना होती, हवेचा पोशाख घालूनच बसायचे.

दुसरं असं की आस तळाला पक्का जखडलेला आहे. सपाट फरशीवर गाडी छान पळते, पण खडकाळ जागेवर एक चाक दगडावर चढलं की दुसरं अधांतरी. आपल्या प्रज्ञाननं हे कसं सोडवलं ते गोलूला सांगा. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरलं तेव्हा तुम्ही सगळे पाटलांच्या ओट्यावर टीव्हीसमोर बसला होता. त्यातून उतरलेली 26 किलोची ती गाडी सहा चाकांची. दोन्ही बाजूंना झुलते दांडे, मोठा दांडा आणि त्याच्या टोकाला लहान दांडा. कुठेही स्प्रिंग नाही. एक चाक वर चढलं की दांडा झुलतो, बाकीची चाकं जमीन सोडत नाहीत आणि भार सगळ्यांवर वाटला जातो. मंगळावर फेब्रुवारी 2021 मध्ये उतरलेल्या अमेरिकेच्या पर्सिव्हिअरन्सलाही हीच रचना आहे. बाबा, तुम्ही लाकडात तिचा एक नमुना करून दाखवाल का? दोन फळकुटं आणि दोन खिळ्यांत होईल. गोलूला एकदा हातानं झुलवून दाखवलं की तो विसरणार नाही.

म्हणून पिशवीत मी सुट्या विटांची एक पुडी वेगळी टाकली आहे, दोन बिजागऱ्यांसकट. गोलू, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. आधी पुस्तिकेप्रमाणे गाडी पूर्ण कर. दोन-चार दिवस खेळ. मग पुढच्या चाकांची पट्टी काढ आणि ती मधोमध फक्त एका खुंटीवर बसव. एका खुंटीवरची पट्टी गोल फिरते, म्हणजे चाकं वळायला लागतील. उचलताना ती निसटेल, तर ती निसटू नये म्हणून काय करायचं ते तू शोध आणि मला फोनवर दाखव. झुलत्या दांड्यांसाठी बिजागऱ्या वापर. कोपनहेगन विद्यापीठात सोरेन आयलर्स म्हणून गणितज्ञ आहेत. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतात हे त्यांनी संगणकावर मोजून काढलं. 91 कोटी 51 लाख 3 हजार 765. तुझ्या पुडीत सहापेक्षा पुष्कळ जास्त विटा आहेत.

आणि चंद्र शोधायला लांब जाऊ नकोस. चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते बसाल्ट खडकाचे आहेत, आणि आपल्या धुऱ्यावरचा काळा दगडही बसाल्टच. तुम्ही शाळेच्या सहलीत लोणारला गेला होतात ना, ते पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं विवर अशाच खडकात उल्का आदळून झालं. पृथ्वीवर बसाल्टात झालेली अशी विवरं अगदी थोडी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोणारचे दगड नेऊन तपासतात. विहिरीजवळच्या मुरमाच्या ढिगावर तुझी गाडी चालव. पावसात चिखलात मात्र नको. काळी माती नळ्यांत वाळली की सांधा धरत नाही आणि ती काढायला टाचणी घेऊन बसावं लागतं.

वहिनी, दोन गोष्टी. चिमी तीन वर्षांची होईपर्यंत हे तिच्या हाती लागू द्यायचं नाही, विशेषतः तो माणूस आणि अँटेना. आणि धुवायचं झालं तर कोमट पाणीच, उकळतं पाणी घातलं की प्लास्टिक वाकतं. उन्हात ठेवू नका, आपल्या उन्हानं रंग पिवळा पडेल.

आई, तुला हात जोडून विनंती, गाडी टीव्हीच्या शोकेसमध्ये वर ठेवू नकोस. मला माहीत आहे, परदेशातून आलेली वस्तू म्हणून तुला ती जपावीशी वाटेल. ही वस्तू मोडून पुन्हा करण्यासाठी आहे. बांधून काचेआड ठेवली तर हजार रुपये वाया गेले. ती रोज सुटली आणि रोज नवी झाली तर मी म्हणेन, मी यंदा घेतलेली ही सर्वांत चांगली वस्तू. कुणी ‘सुटतं ना वारंवार’ म्हणून फेविक्विक लावून देईल, त्यालाही अडवा.

बाबा, आता तुमचा निकाल कळवा. विशेषतः चाक आसाला ज्या खुंटीवर बसतं ती नखानं दाबून बघा. टोकाशी जरा फुगीर आहे आणि मधे चीर आहे. दाबलं की चीर मिटते, चाक आत जातं, मग टोक पुन्हा उघडतं आणि चाकाला अडवतं. खीळ मारायची गरजच नाही. पोळा आता फार दूर नाही, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी तुम्ही करायला घेतलेच असतील. सागवानात अशी चीर पाडली तर ती तग धरेल की रेषेवर फाटेल, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. धरत असेल तर नंदीच्या चाकाचं आणि आसाचं माप सुतात लिहून पाठवा. मी इथल्या कार्यशाळेत एक आस करून बघते.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, आणि वाकस घेऊन फार वेळ उकिडवे बसू नका. आईनं बी.पी.ची गोळी चुकवू नये.

तुमची लेक,
वर्षा